दुर्बिणीमागची माणसं

समजा, रात्रीचे अडीच वाजलेत. पन्नाशीतल्या एका माणसाला रक्ताची उलटी झालीय, चांगली तांब्याभर. घरचे त्याला पोट आणि यकृताच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन येतात. त्यांची अपेक्षा साधी असते: आता लगेच तोंडातून दुर्बीण घालतील, रक्त कुठून येतंय ते बघतील आणि थांबवतील. तिथले डॉक्टर मात्र दुर्बिणीला हातही लावत नाहीत. दोन्ही हातांत जाड सुया बसवतात, रक्ताचे नमुने पाठवतात, सलाइन सुरू करतात, एक अँटिबायोटिक देतात. हिमोग्लोबिन ८ येतं, तरी रक्ताची पिशवी लावत नाहीत. मग बाहेर कुणाचा तरी आवाज चढतो, "अहो डॉक्टर, तुम्ही नक्की करताय तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधत गेलं की अशा रुग्णालयात उपचार, संशोधन आणि शिकवणं ही तीन कामं एकमेकांत किती गुंतलेली असतात ते कळतं. म्हणून आपण या माणसाच्या मागोमाग जाऊ.

आधी ती न लावलेली रक्ताची पिशवी. रक्त जातंय म्हणजे रक्त भरायला हवं, हे शहाणपण कितीतरी वर्षं वैद्यकातही चालत होतं. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी ते तपासून बघितलं. पोटाच्या वरच्या भागातून रक्तस्राव होणाऱ्या ९२१ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला हिमोग्लोबिन ९ च्या खाली गेलं की रक्त द्यायचं, दुसऱ्याला ७ च्या खाली गेल्यावरच. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आला. सहा आठवड्यांनी हात राखून रक्त दिलेल्यांपैकी ९५ टक्के जिवंत होते, सढळ हातानं दिलेल्यांपैकी ९१ टक्के. पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाणही हात राखून दिलेल्या गटात कमी होतं. धो धो रक्त जात असेल तर हा नियम अर्थातच बाजूला ठेवतात, आणि हृदयविकार असलेल्यांसाठी आकडा वर धरतात. पण एरवी जास्तीचं रक्त यकृताच्या रुग्णाला घातक ठरू शकतं. ते का, हे या माणसाच्या पोटात काय चाललंय ते बघितल्यावर लक्षात येईल.

आतडी, जठर, प्लीहा आणि स्वादुपिंड यांतून परत निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका जाड शिरेत गोळा होतं आणि आधी यकृतात शिरतं. या शिरेला पोर्टल शीर म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त तिच्यातूनच येतं. निरोगी यकृत मऊ असतं, त्यातून हे रक्त सहज पाझरत पुढे जातं. सिरॉसिसमध्ये यकृतात वणाचे पट्टे आणि गाठी तयार होतात, ते कडक होतं. रक्त तर येतच असतं, पण वाट अरुंद. मग ते तुंबतं आणि आडवाटा शोधतं. त्यातली एक आडवाट अन्ननलिकेच्या अस्तराखालच्या बारीक शिरांमधून जाते. एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या या शिरा फुगतात, नागमोडी होतात, पातळ होतात आणि एखाद्या रात्री फुटतात. आता अशा तुंबलेल्या नळांमध्ये वरून आणखी रक्त ओतलं तर दाब वाढणार आणि बसलेली गुठळी पुन्हा निसटणार. पिशवी राखून ठेवली ती यासाठी.

दुर्बिणीची घाई न करण्यामागेही असंच कारण आहे. हाँगकाँगमध्ये गंभीर रक्तस्रावाच्या ५१६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची दुर्बिणीची तपासणी पोटविकारतज्ज्ञांना बोलावल्यापासून ६ तासांच्या आत केली, बाकीच्यांची ६ ते २४ तासांच्या दरम्यान. घाईनं काहीच फायदा दिसला नाही. तीस दिवसांत घाईच्या गटात ८.९ टक्के दगावले आणि थांबलेल्या गटात ६.६ टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतकाच आहे, पण लवकर म्हणजे बरं, हा समज त्यातून मोडला. ज्यांचा रक्तदाब सावरतच नव्हता असे रुग्ण या अभ्यासात नव्हते, त्यांच्यासाठी थांबायची सोय नसते. शिरा फुटल्याचा संशय असेल तर रुग्णाला आधी सावरून साधारण १२ तासांच्या आत दुर्बीण घालतात. मधले तास वाया जात नाहीत. पोर्टल शिरेतला दाब उतरवणारं औषध सुरू असतं. आणि ते अँटिबायोटिक? सिरॉसिसच्या रुग्णाला रक्तस्राव झाला की आतड्यातले जंतू रक्तात उतरण्याचा धोका वाढतो, आणि त्या संसर्गानं माणसं दगावतात. रक्तस्रावात अँटिबायोटिकनं जीव वाचतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ते पक्कं सिद्ध झालेलं आहे.

पहाटे दुर्बिणीच्या खोलीत पाच-सहा जण असतात. दुर्बीण धरणारा एकच. भूलतज्ज्ञानं आधीच श्वासनलिकेत नळी घातलेली असते, कारण उलटीतलं रक्त फुप्फुसात गेलं तर सगळं मुसळ केरात. एक परिचारिका बँडचं उपकरण हाताळते. दुर्बिणीच्या टोकावर एक पारदर्शक टोपण असतं आणि त्यावर रबराच्या इवल्याशा कड्या चढवलेल्या असतात. फुगलेली शीर टोपणात ओढून घ्यायची आणि कडी सोडायची. कडी शिरेला आवळून बसते, काही दिवसांत तेवढा भाग सुकून गळून पडतो. ऐकायला पोरखेळ. करताना समोर सगळं लाल असतं, धुऊन घेतलं की दोन सेकंद दिसतं आणि पुन्हा लाल.

एवढ्यावर भागलं नाही तर रेडिओलॉजिस्ट लागतो. हा मानेतल्या शिरेतून एक बारीक तार यकृतापर्यंत नेतो, यकृताच्या आतूनच पोर्टल शिरेला भोक पाडतो आणि तिथं जाळीची नळी बसवतो. तुंबलेल्या रक्ताला सरळ मोकळी वाट मिळते. याला टिप्स म्हणतात. हे काम रात्री-अपरात्री करू शकणारी माणसं मोजक्याच ठिकाणी असतात. ‘मोठ्या ठिकाणी न्या’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा त्यांच्या मनात बऱ्याचदा इमारत नसते, ही माणसं असतात.

आपल्या माणसाला कड्यांनी भागलं. सकाळी मात्र तो बायकोला ओळखेना, दिवस कुठला ते सांगता येईना. घरच्यांना वाटलं मेंदूत काहीतरी झालं. झालं होतं ते असं: आतड्यात उतरलेलं रक्त म्हणजे प्रथिनांचा साठाच. जंतू ते कुजवतात, अमोनिया तयार होतो. धडधाकट यकृतानं तो निकामी केला असता, इथे तो मेंदूपर्यंत पोहोचला. उपाय काय, तर जुलाब होण्याचं गोड सिरप. कालच रक्त ओकलेल्या माणसाला आज जुलाबाचं औषध दिलेलं पाहून नातेवाईक हबकतात. दिवसाला दोन-तीनदा पोट साफ व्हायला लागलं की दोन दिवसांत माणूस भानावर येतो. मला या शाखेतली ही गोष्ट फार आवडते. भ्रमिष्ट झालेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर आणायला पोट साफ करावं लागतं.

त्या रात्री शिरांऐवजी जठराचा व्रण निघाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, आणि त्यामागे या शाखेतला सर्वात गाजलेला किस्सा आहे. व्रण ताणानं, जळफळाटानं आणि आम्लानं होतो अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. जठराचा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास होत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधले विकृतितज्ज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू दिसत होते. आम्लात जंतू जगतच नाहीत, मग दिसतात कसे? तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत वाढेचनात, कारण दोन दिवसांनी बशा फेकून द्यायची पद्धत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा विसरून तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर त्यात वसाहती उगवलेल्या. तरीही लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचा घोट स्वतःच घेतला आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आज या जंतूमुळे, म्हणजे हेलिकोबॅक्टरमुळे झालेला व्रण साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. उरलेले बरेचसे व्रण होतात ते मनानंच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी. त्यावर नोबेल मिळण्यासारखं काही नाही, म्हणून त्याची चर्चाही कमी.

पुन्हा आपल्या माणसाकडे. वॉर्डात पहिला अवघड क्षण येतो तो ‘दारू किती घेता?’ या प्रश्नाचा. तो म्हणतो, कधीच नाही. बायको दुखावते. पण हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात आणि त्यात दोषारोप नसतो. उत्तरावर पुढचा उपचार ठरतो एवढंच. या माणसाला मधुमेह आहे, पोट सुटलेलं आहे. वर्षानुवर्षं यकृतात चरबी साठत गेली, दाह होत गेला, वण पडत गेले. दुखलं काहीच नाही, कारण यकृत आतून दुखत नाही. याला आपण सगळे फॅटी लिव्हर म्हणतो. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी त्याचं वैद्यकीय नाव बदललं. जुन्या नावात हा आजार ‘दारूशिवायचा’ असा सांगितलेला होता, म्हणजे काय नाही त्यावरून ओळखायचा. नवं नाव शरीरातल्या चयापचयाच्या बिघाडावर बोट ठेवतं. वण किती पडलेत हे बघायला पूर्वी यकृताचा तुकडाच काढावा लागे. आता बऱ्याच वेळा बरगड्यांवर एक उपकरण टेकवून हलकी टिचकी मारतात आणि लहर किती वेगानं गेली ते मोजतात. कडक यकृतातून ती वेगानं जाते.

मग घरचे विचारतात, यकृत बदलायचं का? हे एकटा डॉक्टर ठरवत नाही. आठवड्याची बैठक असते. यकृततज्ज्ञ, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट, विकृतितज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेविका, सगळे एका पडद्यासमोर बसतात. बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याचा आयएनआर या तीन तपासण्यांवरून ६ ते ४० मधला एक गुणांक निघतो, त्याला मेल्ड म्हणतात. पुढे त्यात सोडियमही आलं. गंमत म्हणजे हा गुणांक प्रत्यारोपणासाठी बनवलेलाच नव्हता. टिप्स केल्यावर कोण जगेल याचा अंदाज बांधायला तो काढला होता. पण आजारी यकृताचा माणूस पुढचे तीन महिने काढेल का, हे तो बरं सांगतो असं लक्षात आलं आणि २००२ पासून अमेरिकेत यकृताची प्रतीक्षायादी त्यावर लागू लागली. त्याआधी यादीत किती दिवस थांबलात यालाही वजन होतं. आता जो जास्त आजारी तो पुढे. यकृतात कर्करोगाची गाठ असेल तर आणखी एक चाळणी आहे, १९९६ मध्ये मिलानहून आलेली: ५ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा ३ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन. यात बसणाऱ्यांमध्ये प्रत्यारोपणानंतर रोग उलटण्याचं प्रमाण कमी असल्याचं दिसलं होतं.

प्रत्यारोपण आज जितकं सरावाचं वाटतं तितकं ते सहज हाती आलेलं नाही. अमेरिकी शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावर पहिला प्रयत्न केला. तो लहानगा रुग्ण टेबलावरच रक्तस्रावानं गेला. पहिलं यश १९६७ मध्ये. शरीरानं परकं यकृत नाकारू नये यासाठीचं चांगलं औषध हाती यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. पुढे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेण्याची पद्धत आली. प्रौढ रुग्णासाठी बहुधा उजवा भाग घेतात, म्हणजे दात्याचं निम्म्याहून जास्त यकृत जातं आणि उरलेलं काही महिन्यांत वाढून बरंचसं भरून येतं. दाता मात्र निरोगी माणूस असतो आणि शस्त्रक्रियेचा धोका त्यालाही असतोच. म्हणून चांगल्या केंद्रात त्याच्या बाजूनं विचार करणारा, रुग्णाच्या उपचाराशी संबंध नसलेला वेगळा डॉक्टर नेमतात. दात्याला ‘नाही’ म्हणायचं असेल तर ते घरच्यांसमोर न म्हणता त्याच्यापाशी म्हणता येतं.

आपल्या माणसाचा गुणांक खालचा निघाला. त्याला आत्ता प्रत्यारोपणापेक्षा जुनं यकृत जपण्यात जास्त फायदा आहे.

या बैठकीपलीकडे रुग्णालयात आणखी बरंच काही चाललेलं असतं. आतड्याच्या दीर्घ दाहाचे रुग्ण, गिळताना घास अडकणारे, स्वादुपिंडाला सूज आलेले, शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी घेऊन जगायला शिकणारे आणि त्यांना ते शिकवणारी परिचारिका. एक खोली पित्तनलिकेतले खडे काढण्याची. तिथे आतड्यातून उलट वर नळीत शिरावं लागतं, आणि त्या खटाटोपात कधीकधी स्वादुपिंडच सुजतं. ही सूज टाळायला कितीतरी महागडे उपाय करून झाले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त धोक्याच्या ६०२ रुग्णांपैकी निम्म्यांना तपासणीनंतर लगेच इंडोमेथासिन या जुन्या औषधाची गुदद्वारातून द्यायची गोळी दिली. सुजेचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ वर आलं. संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे परीक्षानळ्या येतात. रुग्णाच्या रोजच्या उपचारात फरक पाडणारं संशोधन बहुतेक वेळा असं दिसतं: दोन गट, एक साधा प्रश्न आणि चिकाटीनं केलेली मोजदाद.

अशा अभ्यासात सहभागी व्हाल का, असं तुम्हाला विचारलं तर चार गोष्टी विचारून घ्या. मला एरवी कोणता उपचार मिळाला असता? यात जास्तीचं काय होणार? मधेच सोडलं तर पुढच्या उपचारावर परिणाम होईल का? काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची? सही करण्यापूर्वी कागद घरी नेऊन वाचायचा तुम्हाला हक्क आहे. नको म्हटलं म्हणून उपचारात हात आखडता घेता येत नाही.

आता तिसरं काम, शिकवणं. पोटविकारतज्ज्ञ व्हायला आधी वैद्यकाची पदवी, मग सर्वसाधारण वैद्यकाचं प्रशिक्षण आणि त्यानंतर या शाखेची आणखी काही वर्षं लागतात. पण खरं अवघड काम हाताचं आहे. मोठ्या आतड्याची दुर्बीण सफाईनं करायला अडीचशेच्या पुढे तपासण्या कराव्या लागतात. हात बसला तरी नजर बसलीच असं नाही. २०१४ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात १३६ डॉक्टरांच्या तीन लाखांहून जास्त तपासण्या बघितल्या. कर्करोगात बदलू शकणारा आतड्याच्या अस्तरावरचा मोड (पॉलिप) कुणाला शंभरातल्या सात जणांमध्ये सापडत होता, तर कुणाला पन्नासहून जास्त जणांमध्ये! डॉक्टरचं हे सापडण्याचं प्रमाण १ टक्क्यानं वाढलं की त्याच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी घटत होता. म्हणजे तुमची तपासणी ‘नॉर्मल’ आली यात तुमच्या आतड्याचा वाटा किती आणि बघणाऱ्याचा किती, हाही प्रश्न आहेच. म्हणून दुर्बीण मागे घेताना निदान ६ ते ८ मिनिटं बघत यायचं, असा दंडक आहे. चांगली रुग्णालयं प्रत्येक डॉक्टरचे हे आकडे ठेवतात, ज्येष्ठांचेही. तुम्ही ते विचारू शकता. कुणी रागावलं तर त्यातूनही काही कळेलच.

आता पडद्यावर मोड दाखवणारी संगणकाची मदत आली आहे. पोलंडमधला २०२५ चा एक अभ्यास मात्र विचारात पाडतो. संगणकाची सवय झालेल्या डॉक्टरांनी त्याच्याशिवाय केलेल्या तपासण्यांत मोड सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं होतं. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल. पण ज्याची नजर अजून तयारच व्हायची आहे अशा शिकाऊ डॉक्टरला ही कुबडी केव्हा द्यायची, हा प्रश्न शिकवणाऱ्यांपुढे आहे.

‘माझ्यावर शिकाऊ डॉक्टर नको’ असं वाटणं स्वाभाविक आहे. शिकाऊ एकटा नसतो, ज्येष्ठ शेजारी उभा असतो आणि अडलं की दुर्बीण हातात घेतो. मला विचाराल तर साध्या तपासणीला हरकत घेऊ नये. पित्तनलिकेसारख्या अवघड कामात मुख्य भाग कोण करणार हे मात्र आधी जरूर विचारावं.

अशा ठिकाणी कधी जावं? डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच क्षणी. वाढत जाणारी कावीळ, गिळताना अडकणं, कारण नसताना घटणारं वजन, शौचातून रक्त, उतारवयात शौचाची सवय बदलणं किंवा न सापडणाऱ्या कारणानं हिमोग्लोबिन उतरणं, यांत दिवस घालवू नयेत. साध्या अपचनाला आणि अधूनमधूनच्या जळजळीला नेहमीचा डॉक्टर पुरतो. जाताना जुने कागद न्याच, पण कागदांपेक्षा स्कॅनच्या सीडी आणि तुकडा तपासलेला असेल तर त्याच्या काचपट्ट्या जास्त मोलाच्या. तिथला विकृतितज्ज्ञ त्या स्वतः पुन्हा बघतो, आणि निदान कधीकधी तिथेच बदलतं.

आपला माणूस घरी गेला. दर दोन-चार आठवड्यांनी येऊन कड्या बसवून घेत राहिला. रक्तदाबासाठी वापरतात त्याच जातीची एक गोळी रोज घेतो, पोर्टल शिरेतला दाब उतरवायला. चौथ्या खेपेला दुर्बीण एका शिकाऊ महिला डॉक्टरनं धरली. अन्ननलिका हळूहळू बघत ती खाली गेली, तशीच बघत वर आली. फुगलेली एकही शीर उरलेली नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठांनी तिला पुन्हा एकदा खाली जाऊन जठराचा वरचा कोपरा दुर्बीण वळवून बघायला लावला, कारण शिरा तिथेही लपतात. तिथेही काही नव्हतं. पुढची तारीख आता सहा महिन्यांनंतरची, सोनोग्राफीची. सिरॉसिसमध्ये कर्करोगाची गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून ती दर सहा महिन्यांनी करतात.